हल्ली वाचलेलं : खरं खरं सांगा, आवडलं का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मी समीक्षक वगैरे नाही. औशाहून लातूरला रोज एसटीनं नोकरीला जाते, खिडकीची जागा मिळाली तर पुस्तक, उभं राहावं लागलं तर मोबाईल. एवढंच माझं साहित्यिक भांडवल. पण दिवाळीपासून बऱ्यापैकी पुस्तकं हातावेगळी झालीत आणि त्यावर बोलायला कुणी नाही. ऑफिसात विषय काढला की गाडी प्लॉटिंगवर जाते.

तर माझी मतं, जशी आहेत तशी.

'उसवण' : देविदास सौदागरांची. तुळजापूरचे आहेत, 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार यालाच मिळाला. रेडिमेड कपड्यांनी टेलरचा धंदा कसा खाल्ला त्याची गोष्ट. लिहिणाऱ्यानं स्वतः शिवणकाम केलंय, त्यामुळं कुठं आव नाही. छोटी आहे, पटकन संपते. आवडली. तक्रार एकच, अडचणीमागून अडचण येत राहते. मधे कुठं तरी जरा बसू द्या की माणसाला!

त्यावरून 'पाचोळा' पुन्हा काढली. रा. रं. बोराडे सरांची, 1971 ची. तीही शिंप्याच्याच घरातली. कॉलेजात प्रश्नोत्तरांपुरती वाचली होती. आता वाचताना कळलं की सगळी मजा पारबतीच्या तोंडात आहे. नवरा गंगाराम तिला जसा दिसतो तेवढाच आपल्याला दिसतो, आणि तरी पुरा दिसतो. छान.

'हिंदू' : भालचंद्र नेमाड्यांची. 2010 ला आली तेव्हा सगळ्यांनी घेतली म्हणून आमच्याही घरात आली. यंदा परत धरली, परत अर्ध्यात ठेवली. खंडेराव हुशार आहे, कबूल. पण थांबतच नाही हो.

'जागर' : नरहर कुरुंदकरांचे लेख. घाबरत घाबरत घेतलं आणि कादंबरीसारखं वाचलं.

आता मुद्दा. आपल्याकडची, म्हणजे मराठवाड्यातली कादंबरी उघडली की दुष्काळ, कर्ज, हार. हे मी रोज खिडकीतून बघतेच की. पैसे देऊन परत तेच कशाला वाचायचं? त्यापेक्षा वैचारिक लेख बरे, डोक्यात काही तरी नवीन पडतं. तुम्हाला काय वाटतं? भारी भारी बोलू नका, खरं सांगा.

बिंदुसरा
पैसे देऊन दुःख? ताई, आम्ही पीकविम्याचा हप्ता भरून दुःख घेतो. कादंबरी स्वस्त पडते.

काजंबटण
मी टेलर आहे. वडलांपासूनचा धंदा. 'उसवण' पोरीनं आणून दिली, म्हणाली पप्पा तुमच्यावर लिहिलंय. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतंच, तिथंच वाचली.

पटली. पहिल्यांदाच कुणी तरी आमच्या कामाकडं बघून लिहिलंय, नाही तर गोष्टीतला टेलर म्हणजे गळ्यात टेप टाकून पान खाणारा इसम. आमच्याकडं दिवाळीच्या आधी पंधरवडाभर "ऑर्डर घेणे बंद आहे" अशी पाटी लागायची. रात्री दोन दोन वाजेपर्यंत मशीन चालायचं, काजं करायला गल्लीतल्या बाया यायच्या, डझनावर पैसे घेऊन जायच्या. ती पाटी अजून आहे. फक्त उलटी करून मागच्या बाजूला लिहिलंय : पॅन्ट अल्टर, चेन बदलून मिळेल.

एक गिऱ्हाईक मात्र अजून टिकून आहे. खेड्यातली म्हातारी माणसं कोपरी शिवायला येतात. त्यांना आतून खिसा लागतो, डाव्या अंगाला, मनगटापर्यंत हात गेला पाहिजे एवढा खोल. माप घेताना ते छातीचं माप नीट देत नाहीत, पण खिशात हात घालून दाखवतात, "इतका पायजे". बाजारात पैसे ठेवायला. हा खिसा कुठलाच रेडिमेडवाला देत नाही. पण ही माणसंबी आता दरसाल कमीच व्हायलीत.

ताईंची तक्रार मलाही थोडी खरी वाटली. धंदा बसतो तेव्हा मधे सुट्टी मिळत नाही, ते बरोबरच लिहिलंय. पण टेलरचं दुकान म्हणजे चकाट्यांचं ठिकाण. काम नसलं तर चकाट्या जास्तच. कोण कुणाच्या पोरीला बघायला आलं, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, सगळं आमच्या बाकड्यावर कळतं. बुडता धंदाबी हसत हसतच बुडतो. ते हसणं अजून पाहिजे होतं.

मांजराकाठ
काका, तुमची ती उलटी पाटी भारी आहे. तुम्हीच लिहा की.

काजंबटण
लिहितो, आधी दोन पॅन्टी आखूड करायच्या राहिल्यात.

पूर्णाथडी
माझं मत वेगळं आहे. मराठवाडा म्हटलं की कोरडवाहू शेती आणि फाटका शेतकरी हे समीकरण आपणच पक्कं केलंय. बी. रघुनाथ वाचलेत का कुणी? परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथं कार्यक्रमाला जाऊन टाळ्या वाजवणारे हजारो, त्यांची एक ओळ वाचलेले किती, ते विचारू नका.

हा माणूस निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकून होता. सरकारी व्यवहार उर्दूत आणि हा घरी येऊन मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहायचा. 1953 मध्ये गेला, चाळिशीचा होता फक्त. 'म्हणे लढाई संपली' 1946 ची. मी गेल्या महिन्यात वाचली. पांढरपेशी माणसं, नोकऱ्या, महागाई, आतल्या आत कुढणं. वाक्यं जुन्या वळणाची आहेत, सुरुवातीला अडखळायला होतं, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या वर्षांपूर्वी आपल्या भागातला कुणी तरी अशी नोकरदार माणसं कादंबरीत आणत होता, हे शाळेत कुणी सांगितलं नाही आम्हाला.

तेव्हा ताई, "आपली कादंबरी" म्हणजे काय ते आधी ठरवू.

मांजराकाठ
दादा, ठरवू. पण ती मिळते कुठं? लातूरला दोन दुकानं पालथी घातली. एकानं तर विचारलं, "कोणत्या क्लासचं पुस्तक आहे?"

बिंदुसरा
लातूरला तेच विचारणार हो. तिथं पुस्तक म्हणजे 'नीट'चं नाही तर 'जेईई'चं.

पूर्णाथडी
मला आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मिळाली. 'ड' वर्गातलं वाचनालय आहे. एक खोली, दोन कपाटं, एका कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या घरी. पुस्तक मागितलं तर ते आधी माझ्याकडं बघतच राहिले, मग म्हणाले, तुमच्या आधी कोण घेऊन गेलं होतं बघा. कार्डावर शेवटचा शिक्का निळ्या शाईचा, इतका फिका की साल वाचता आलं नाही. वाळवी लागलेली नव्हती हे नशीब.

रूम_नंबर_सात
सर्वांना नमस्कार. मी औरंगाबादला औरंगपुऱ्याजवळ रूम करून राहतो, एमपीएससीच्या कंबाईनची तयारी चालू आहे. एक शंका. 'जागर' वाचलं तर मुलाखतीत फायदा होईल का? किती पानं आहेत?

बालाघाट
औरंगाबाद नाही, छत्रपती संभाजीनगर म्हणा.

रूम_नंबर_सात
रूमचं भाडं दोन्ही नावांत तेवढंच आहे दादा.

संचालक
शहराच्या नावावरून पेटवायचं असेल तर वेगळा धागा काढा. इथं पुस्तकं.

गोदातीर_मास्तर
मी नांदेडचा, निवृत्त शिक्षक. उशिरा आलो, पण कुरुंदकरांचं नाव निघालं म्हणून लिहितो.

रूम नंबर सात, बाळा, फायदा होईल, पण तुला वाटतो तसा नाही. त्यातली वाक्यं पाठ करून गेलास तर समोरचा दोन मिनिटांत पकडेल. कुरुंदकर वाचायचे ते मांडणीसाठी. ते आधी विरोधकाची बाजू मांडतात, आणि अशी मांडतात की खुद्द विरोधकालाही तेवढी जमली नसती. आपल्याला वाटतं, संपलं, आता हे काय बोलणार! मग शांतपणे एकेक वीट काढायला लागतात. हे एकदा अंगवळणी पडलं की मुलाखतच काय, सासऱ्याशीही बोलता येतं.

मांजराकाठ ताई, लेख आवडले याचा आनंद आहे. पण कादंबरी एकीकडं आणि लेख दुसरीकडं ही तुमची वाटणी मला मान्य नाही. याच माणसानं 'धार आणि काठ' लिहिलंय, सबंध पुस्तक मराठी कादंबरीवर. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना म्हणून त्यांचं जे पत्र छापलंय ते वाचा. कादंबरीकाराला इतिहासाचे इतके खडे प्रश्न विचारणारी प्रस्तावना दुसरी माझ्या पाहण्यात नाही. कादंबरी म्हणजे करमणूक असं मानणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही.

मी त्यांना पीपल्स कॉलेजात ऐकलंय. प्राचार्य होते तिथं. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत एका संगीताच्या कार्यक्रमात बोलायला उभे राहिले आणि व्यासपीठावरच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

आता प्रामाणिक मत मागितलंय म्हणून तेही देतो. सलग वाचू नका. बरेचसे लेख मुळात भाषणं आहेत, सभेत तोच मुद्दा तीनदा सांगणं शोभतं, पानावर ते जाणवतं. त्यांचंच 'शिवरात्र' मी दर वेळी एखादा लेख वाचून बाजूला ठेवतो. आणि सगळंच पटतं असंही नाही. काही ठिकाणी तर्क इतका चोख बसतो की मला संशय यायला लागतो, माणसं एवढी सरळ रेषेत वागतात का?

रूम_नंबर_सात
धन्यवाद सर. पानं किती ते राहिलं.

गोदातीर_मास्तर
मोजून कळव.

उदगीरकर
'हिंदू' अर्धवट वाचून मत? चालायचं नाही. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून निघतो, वडील अत्यवस्थ आहेत, गावाकडं मोरगावला यायचंय, आणि या वाटेवर सगळं आठवतं. ती पसरट आहे कारण पसरट असणं हाच तिचा घाट आहे. लेखकानं उपशीर्षकच 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं दिलंय, अजून काय लिहून द्यायचं? निदान मोरगावला पोचेपर्यंत तरी दम धरायचा होता.

मांजराकाठ
दादा, दम धरला. पण मोहेंजोदडोहून मोरगावला यायला माणूस एवढ्या ठिकाणी थांबतो, आमची औसा गाडीसुद्धा एवढे थांबे घेत नाही. अडगळ आहे हे लेखकानं सांगितलं म्हणून मी ती आवरायची सक्ती आहे का? वाचकाला अर्ध्यात उतरायचा हक्क पाहिजे. तिकीट मीच काढलंय.

उदगीरकर
उतरा. पण मग गाव कसं होतं ते सांगू नका.

बिंदुसरा
हा वार बसला.

माहेर_सेलू
मी पुण्यात राहते, माहेर सेलूकडचं. मला मांजराकाठ ताईंच्या मूळ मुद्द्यावर बोलायचंय, की सगळं दुःखच असतं. आसाराम लोमटेंचा 'आलोक' घ्या. कथा आहेत, कादंबरी नाही, पण 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे आणि माणूस आमच्याच भागातला. त्यात रडारड नाही. गावात सत्ता कुणाकडं असते, ती कशी वापरली जाते, कोण कुणाच्या तालावर नाचतो, हे आहे. पावसानं मारलं असं म्हणून मोकळं होता येत नाही, कुणी मारलं ते दिसतं. मला वाटतं आपण दुष्काळाची गोष्ट म्हणून वाचतो आणि त्यातलं राजकारण सोडून देतो. पुण्यात तर हमखास. इथल्या आमच्या वाचन गटात एक जण म्हणाले, "किती सोसतात ना ही माणसं." मी म्हटलं, काका, सोसत नाहीयेत, भांडतायत, नीट वाचा.

पूर्णाथडी
एकदम बरोबर. आणि भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल'? टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून बाप बाजारात स्वतःचाच माल तुडवतो. शाळेत धडा होता तेव्हा गुरुजींनी "शेतकऱ्याची व्यथा" असं फळ्यावर लिहून विषय संपवला. तो बाप मला तेव्हाही दुःखी वाटला नव्हता, चिडलेला वाटला होता.

गल्लीतली_वहिनी
कुणी कविता महाजनांचं नाव कसं काढलं नाही? जन्म नांदेडचा आहे त्यांचा. 'ब्र' मी परवा वाचून संपवली. 2005 ची आहे, मला आत्ता मिळाली. संस्थेत काम करणारी प्रफुल्ला आणि तिला भेटणाऱ्या ग्रामपंचायतीतल्या बाया.

ही कादंबरी आमच्या घरात घडलेली आहे. जाऊबाई महिला आरक्षणातून सरपंच झाल्या. 1993 च्या घटनादुरुस्तीनं एकतृतीयांश जागा आल्या, नंतर आपल्या राज्यात निम्म्या झाल्या, कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात शिक्का भाऊजींच्या खिशात. ग्रामसभेला भाऊजी खुर्चीवर आणि जाऊबाई चहाच्या आधणाशी. फोन आला की भाऊजी म्हणायचे, "हां, सरपंच बोलतोय." एकदा तालुक्याहून साहेब आले आणि म्हणाले, मला सरपंचांशीच बोलायचंय. भाऊजी म्हणाले, बोला की! साहेब म्हणाले, लुगडं नेसलेल्या सरपंचांशी. त्या दिवशी जाऊबाईंनी पदर खोचला, बाहेर आल्या आणि पाणीपुरवठ्याच्या बिलाचं असं काही विचारलं की भाऊजींना मोटार बंद करायला जायचं आठवलं.

पुस्तकाबद्दल म्हणाल तर पहिला निम्मा भाग जबरदस्त. पुढं माहिती जरा जास्त होते, अहवाल वाचल्यागत वाटतं कुठं कुठं. पण त्या बाया बोलतात तेव्हा कादंबरी उभी राहते.

काजंबटण
वहिनी, तुमच्या जाऊबाईंचं ब्लाऊज शिवायला घेतो, फुकट.

कुलरसमोर
जालना. मी कादंबऱ्या वाचत नाही, सांगून ठेवतो. लेख चालतात. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचलं, ऐन मे महिन्यात, कुलरसमोर, टाकीत पाणी नाही म्हणून नुसताच पंखा. बारा महिन्यांवर बारा लेख. लोक फार नावाजतात. मला निम्मंच भिडलं. उन्हाळ्यात झाडांना किती रंग येतात याचं त्यांना जे कौतुक आहे ते वाचून वाटलं, बाईंनी एक मे आमच्याकडं काढायला हवा होता. आमच्याकडं या दिवसांत रंग एकच, टँकरचा.

माहेर_सेलू
असहमत! त्याच पुस्तकामुळं मी आमच्या शेताच्या बांधावरच्या पळसाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. फाल्गुनात जा कधी, जालन्याच्या बाहेर पडल्यावर रस्त्याला दिसतो. लिंबाला मोहोर येतो तेव्हा भर उन्हात सुद्धा वास येतो. टँकर येतो म्हणून पळस फुलायचा थांबत नाही.

कुलरसमोर
पळस मान्य. पण त्याखाली थांबून बघायला सावली कुठाय त्याला? पानंच नसतात तेव्हा.

माहेर_सेलू
टोपी घालून बघा.

रूम_नंबर_सात
एक विचारू का? हसायला येईल असं मराठवाड्यातल्या लोकांनी काहीच लिहिलेलं नाही का? दिवसभर राज्यघटना वाचून डोकं जड होतं.

गोदातीर_मास्तर
अरे, 'वऱ्हाड निघालंय लंडनला' कुणाचं? प्रा. लक्ष्मण देशपांडे, तुमच्याच औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. एकटा माणूस, 52 पात्रं, आणि बोली आपली. पुस्तकरूपात मिळतं.

उदगीरकर
मास्तर, ते नाटक. धागा कादंबरी आणि लेखांचा आहे.

बिंदुसरा
वऱ्हाडाला तरी आडवू नका राव, नवरदेव चिडंल.

गोदातीर_मास्तर
नाटक आहे हे मान्य. पण त्यावरून टेलरमास्तरांचा मुद्दा आठवतो. आपली बोली व्यासपीठावर आली की लोक हसून लोळतात, आणि तीच बोली कादंबरीत आली की तिला रडायलाच का लावतात? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. बोलताना आपण निम्मं टोमण्यात बोलतो. लिहायला बसलो की गंभीर होतो, पुरस्कार समिती समोर बसल्यागत.

बालाघाट
नावावरून मघाशी मीच टोकलं होतं, आता पुस्तकावर बोलतो, संचालकांनी नोंद घ्यावी.

प्र. ई. सोनकांबळेंचं 'आठवणींचे पक्षी'. आत्मकथन आहे, कादंबरी नाही, उदगीरकर लगेच धावून येतील म्हणून आधीच सांगतो. 1979 चं. उदगीरकडच्या खेड्यातलं पोरकं पोरगं, बहिणीच्या आसऱ्याला राहून शिकतं. पुढं हा माणूस औरंगाबादेत कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. उपास, जात, अपमान सगळं आहे, आणि तुमच्या-माझ्या कुठल्याही दुःखापेक्षा जास्त आहे. पण सांगण्याची रीत अशी की आवाज कुठं चढत नाही. छोट्या छोट्या आठवणी, एक झाली की दुसरी. तो कुणावर ओरडत नाही म्हणून आपल्यालाच ओरडावंसं वाटतं. मी रात्री वाचत होतो, बायको म्हणाली लाइट बंद करा. मी म्हटलं, एवढी एक आठवण. असं करत ती झोपून गेली.

मांजराकाठ ताई म्हणतात की पैसे देऊन दुःख कशाला. मला असं वाटायलंय की दुःखाला त्यांची हरकत नाहीच. नाही तर 'पाचोळा' कशी आवडली असती? त्यातही घर बसतंच ना शेवटी.

गल्लीतली_वहिनी
हो की. ताई, आता बोला.

मांजराकाठ
बोलते. दोन दिवस ऑडिट होतं म्हणून गायब होते.

बालाघाट दादांनी नेमकं धरलं. 'पाचोळा'त दुःख कमी नाही, पण पारबती बडबडी आहे. नवऱ्यावर चिडते, त्याची बाजू घेते, शेजारणीला नावं ठेवते, आणि हे सगळं एका दमात. घर मोडत असताना सुद्धा ती गप्प बसत नाही. वहिनी म्हणाल्या तेच, बाया बोलतात तेव्हा पुस्तक उभं राहतं. मला नको असतं ते गप्प दुःख, म्हणजे पात्र नुसतं आभाळाकडं बघत बसलंय आणि लेखकच त्याच्या वतीनं पानं भरतोय. अशा कादंबऱ्या मी यंदा आणखी दोन वाचल्या, नावं घेत नाही, पहिलंच पुस्तक आहे बिचाऱ्यांचं. दोन्हींत पहिल्या पानावर भेगाळलेली जमीन होती.

लेखांबद्दलचं मत मात्र कायम आहे. मास्तर, 'धार आणि काठ' मागवलंय.

पूर्णाथडी
भेगाळलेल्या जमिनीवर बंदी आणा. पहिल्या पानावर तरी.

बिंदुसरा
आणि शेवटच्या पानावर झाडावर बसलेल्या कावळ्यावर.

काजंबटण
टेलरनं गळ्यात टेप टाकलेला चालंल. तो आम्ही टाकतोच.

रूम_नंबर_सात
मास्तर सर, 'जागर' अभ्यासिकेतल्या मित्राकडून आणलं. लोकशाहीवरचा लेख वाचला. मुलाखतीचं विसरलो, त्या मित्राशीच तासभर भांडलो. तो म्हणतो पुस्तक परत दे.

गोदातीर_मास्तर
देऊ नको एवढ्यात. आधी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून दाखव.

उदगीरकर
रूम नंबर सात, आमच्या उदगीरला 2022 च्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या गाळ्यांवर काय गर्दी होती म्हणून सांगू! एप्रिलचं ऊन, मंडपात घामाच्या धारा, आणि लोक पिशव्या भरभरून नेत होते. मी सहा हजारांची घेतली. बायको अजून विचारते वाचली का. निम्मी वाचली.

मांजराकाठ
निम्मी? मग गाव कसं होतं ते सांगू नका हं दादा.

उदगीरकर
नमस्कार घ्या ताई.

बिंदुसरा
बरं, चेष्टा पुरे, एक काम आहे. ना. धों. महानोरांची 'गांधारी' कुणाकडं आहे का? रझाकारांच्या काळातलं गाव आहे त्यात. आजोबा त्या दिवसांचं सांगायचे म्हणून वाचायचीय. दुकानात विचारलं तर महानोरांच्या कविताच पुढं करतात.

पूर्णाथडी
माझ्याकडं आहे. मुखपृष्ठ गेलंय, आतली पानं शाबूत आहेत. परभणी-बीड गाडीत कंडक्टरकडं देऊ शकतो. पण परत पाठवणार असाल तरच.

बिंदुसरा
परत?

पूर्णाथडी
हो, परत.

बिंदुसरा
मग वाचनालयातच बघतो, त्या किल्लीवाल्या ग्रंथपालांना फोन लावा.